परळचे सूत, चीनचा बाजार आणि बाबासाहेबांचा प्रश्न

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत व्यापाराचा इतिहास कशाला, असे कोणी विचारील. पण आमच्या वस्तीचा इतिहास गिरणीच्या भोंग्यापासून सुरू होतो, आणि तो भोंगा बऱ्याच अंशी चीनच्या बाजारावर वाजत होता. म्हणून हा प्रपंच.

कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ साली चालू झाली. पुढे परळ, लालबाग भागात गिरण्या वाढल्या. या गिरण्यांचे जाडेभरडे सूत, मुख्यतः वीस नंबर आणि त्याखालचे, जहाजांनी चीनला जाई. तिथले हातमागवाले ते विणत. सूत आमच्या मुंबईत कातायचे आणि कापड चीनमध्ये विणायचे, असा हा मामला.

हा व्यापार चालला त्याचे एक कारण नाणे. रुपयाही चांदीचा आणि चीनचा व्यवहारही चांदीतच. २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी चांदीला बंद केल्या. रुपयाचा भाव चांदीपेक्षा वर राहू लागला आणि चिनी गिऱ्हाइकाला तेच सूत महाग पडू लागले. त्याच साली मुंबई–कोबे आगबोट सुरू झाली. जपान आपला कापूस नेऊ लागला, त्याचे सूत काढून चीनमध्ये विकू लागला. कापूस आपला, गिऱ्हाईक आपले, नफा मात्र दुसऱ्याचा! त्यात १८९६ ला प्लेग आला आणि कामगारांनी गाव गाठले.

रुपया स्वस्त असला की निर्यात वाढते, म्हणून तो स्वस्तच बरा, असे पुष्कळ व्यापारी म्हणत. परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिलेल्या परमपूज्य बाबासाहेबांनी हा प्रश्न दुसऱ्या टोकाने पाहिला. ‘दि प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: नाणे घसरले की भाव आधी चढतात, मजुरी मागाहून. निर्यातदाराच्या खिशात जो जादा पैसा पडतो तो आभाळातून येत नाही, मजुराच्या ताटातून येतो. १९२५ साली चलनविषयक रॉयल कमिशनपुढेही त्यांनी साक्ष दिली.

आणि गिरणीतही सगळे मजूर सारखे नव्हते. आमची माणसे रिंग खात्यात चालत, विणाई खात्यात नाही. का, तर धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणजे विटाळ! जादा पगार मात्र विणाईतच. चीनचा माणूस आमच्या हातचे सूत बिनतक्रार विणत होता, आणि शेजारच्या खात्यातल्या कामगाराला मात्र आमचा विटाळ होत होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवा, असा आग्रह धरला.

आज ते भोंगे नाहीत. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी मिटली. दादरला चैत्यभूमीजवळच्या इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांच्या स्मारकाचे भूमिपूजन ११ ऑक्टोबर २०१५ रोजी झाले. तेथे जाल तेव्हा हात जोडाच. पण आयात-निर्यातीचे मोठे आकडे कोणी वाचून दाखवले, तर बाबासाहेबांचा प्रश्नही विचारा: यात मजुराच्या ताटात काय पडले?

जयभीम!