वाशी, जुलै १९९६

शनिवार, संध्याकाळचे सहा. वाशी स्टेशनबाहेर तुम्ही उभे आहात आणि पाऊस आडवा येतोय. मोबाइल तुमच्या खिशात नाही. तो अजून बाजारातल्या शेठांकडेही क्वचितच दिसतो. लोकल खाडी ओलांडून इथं आली त्याला चार वर्षं झाली. महापालिकेच्या बसगाड्या तर याच जानेवारीत सुरू झाल्या. मशीद बंदरचा दाणाबाजार इकडे हलला, त्याच्याबरोबर तुमची दिवाणजीची नोकरीही हलली आणि कोपरखैरण्यात बैठ्या चाळीत घर झालं. गाव बदलला, शेजार बदलला, पिणं तसंच राहिलं. सकाळी कीर्द उघडली की पेन थरथरतं. क्वार्टर पोटात गेली की अक्षर सरळ येतं.

खिशात सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा आहे, त्यावर एक नंबर. मागच्या ओळीतल्या टेम्पोवाल्यानं तो दिलाय. तो पुण्याच्या मुक्तांगणमध्ये पाच आठवडे राहून आला. डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीच्या आधारानं उभं राहिलेलं हे केंद्र. तो म्हणाला, "तिथं सोडणं जमतं हो. घरी आल्यावर नाक्यावर पुन्हा तीच उभी असते. मीटिंग धरा."

डाव्या हाताला परमिट रूमची लाल ट्यूब आहे. उजव्या हाताला पीसीओ. मधलं अंतर दहा पावलांचं, आणि ती दहा पावलं आज फार जड आहेत. तुम्ही एक रुपयाचं नाणं टाकता. पलीकडचा माणूस तुमचं नाव विचारत नाही, किती पिता तेही नाही. "आज घेतली का?" एवढंच. "दुपारी." "हरकत नाही, या. शाळेच्या मागच्या गेटनं, पहिला मजला. मी जिन्यात थांबतो." तो खरंच थांबलेला असतो, गळकी छत्री घेऊन.

चौथीचा वर्ग. बाकं इतकी बुटकी की गुडघे आत मावत नाहीत. फळ्यावर पावकीचा पाढा तसाच आहे, आणि त्याच्यावर सुतळीनं बांधलेलं बारा पायऱ्यांचं कापड. मीटिंग संपली की ते घडी करून पिशवीत जाणार. दहा-बारा माणसं: एक गोदीतला, एक बँकेतला, एक दिवाळे गावचा कोळी, शेवटच्या बाकावर एक बाई. ज्याची पाळी येते तो पहिलं नाव सांगतो आणि म्हणतो, "मी बेवडा." कुणी हसत नाही. गोदीतला माणूस सांगतो की मुलीच्या शाळेची फी त्यानं गुत्त्यावर घालवली. ऐकताना तुमच्या मानेला घाम येतो, कारण तुम्ही गणपतीची वर्गणी घालवली होती आणि ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

मग एक पांढऱ्या केसांचे काका तुम्हाला आणखी मागं नेतात. मे १९३५, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन. धंद्यात तोंडघशी पडलेला बिल नावाचा दलाल हॉटेलच्या लॉबीत उभा आहे. पाच महिने त्यानं प्यायलेली नाही. एका बाजूला बारमधला आवाज, दुसरीकडे फोन. तो चर्चच्या यादीतला एक नंबर फिरवतो आणि एखादा दारुडा भेटवून द्या, म्हणून सांगतो. दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर डॉ. बॉब बसतात, पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले. उठतात ते रात्री अकरानंतर. बिलनं उपदेश केलाच नव्हता, स्वतःचंच सांगितलं होतं. १० जून १९३५ हा डॉक्टरांच्या पिण्याचा शेवटचा दिवस, आणि तोच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा जन्मदिवस मानतात. भारतात पहिली मीटिंग १९५७ साली झाली.

मला ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. मदत मागायला आलेला माणूसच इथं दुसऱ्याचं औषध होतो. पाच महिने न प्यायलेला बिलही त्या संध्याकाळी स्वतःला वाचवायलाच फोन करत होता. जिन्यातला छत्रीवालाही तुमच्यासाठी थांबला तसा स्वतःसाठी थांबला होता.

आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार प्यायला परवाना लागतो. या वर्गात शिरायला सोडायची इच्छा पुरते. फी नाही, अर्ज नाही. चहा-बिस्किटांसाठी डबा फिरतो तेव्हा तुम्ही खिशात हात घालता, पण बँकेतला माणूस डबा पुढे सरकवतो. पहिल्या दिवशी नाही.

बाहेर व्हरांड्यात काका तुमचा हात धरून पाहतात. बोटं अजून हलताहेत. त्यांचा आवाज पहिल्यांदाच कडक होतो. "उद्या सकाळी आधी डॉक्टर. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर फिट येते, भास होतात, माणूस जाऊही शकतो. हे धाडस घरी बसून करायचं नाही. आणि घरच्यांना सांगा, त्यांच्यासाठीही वेगळी मीटिंग असते, अल-अनॉन."

पुठ्ठ्याच्या मागे ते आणखी दोन नंबर लिहितात.

"फोन पिण्याच्या आधी करायचा," ते म्हणतात. "प्यायल्यावर सगळेच करतात."

"रात्री उशिरा केला तर?"

"म्हणून तर दोन दिलेत. एक नाही तर दुसरा उचलेल."