खंडेनवमीच्या पाटावरील बंदूक

खंडेनवमीस आपल्या घरी पाटावर काय मांडले जाते, हे वाचकांनी क्षणभर आठवून पाहावे. कोठे वडिलार्जित तलवार असते, कोठे कट्यार. ज्याच्या त्याच्या व्यवसायाप्रमाणे तराजू, लेखणी किंवा शिवणयंत्र असते, आणि आम्हां वकिलांच्या घरी कायद्याची जाड पुस्तके असतात. बंदूक मात्र क्वचितच दृष्टीस पडते. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या तालुक्यांत जुन्या वतनदार घराण्यांची वाण नाही, आणि शिकारीच्या गोष्टींचीही नाही. असे असता शतकांपूर्वीची तलवार टिकली आणि काल-परवाची बंदूक नाहीशी झाली, याचे कारण शोधावयास हवे.

हा मुलूख बंदुकीच्या दारूस अपरिचित नव्हता. बीदरच्या बुरुजांवर आजही अजस्र तोफा आहेत, आणि कलबुर्गीच्या किल्ल्यातील बारा गजी तोफ पाहावयास दूरदूरचे लोक येतात. परंतु तोफ दौलतीची. घरात ठेवावयाची ती बंदूक. जुन्या गुलबर्गा जिल्ह्यातील सुरपूरचा राजा वेंकटप्पा नायक 1858 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला, पकडला गेला, आणि त्याच वर्षी पहाऱ्यात प्रवास करीत असता रिव्हॉल्वरच्या गोळीने त्याचा अंत झाला.

याच सुमारास, 1857 साली, अमेरिकेत स्मिथ अँड वेसन या कंपनीने पॉइंट बावीसचे एक लहानसे काडतूस आपल्या रिव्हॉल्वरसह बाजारात आणले. त्यापूर्वी सुमारे बारा वर्षे फ्रान्समधील फ्लोबेर याने केपाच्या टोपीतच छर्रा बसवून ही कल्पना सुचविली होती. या काडतुसाच्या बुडाशी जी पोकळ कड असते तीत स्फोटक मसाला असतो, आणि आघात बुडाच्या मध्यावर न होता त्या कडेवर होतो. म्हणून नाव रिमफायर. कड सहज चेपावी यास्तव पत्रा पातळ ठेवावा लागतो, आणि पातळ पत्र्यास मोठ्या बाराचा दाब सोसत नाही. शिवाय उडालेले काडतूस पुन्हा भरता येत नाही. अमेरिकेची 1860 ची हेन्री रायफल आणि स्विस सैन्याची व्हेटरली या मोठ्या तोंडाच्या रिमफायर बंदुका त्यामुळे लवकरच मागे पडल्या. काडतुसेच निघेनाशी झाल्यावर त्या मुक्या झाल्या. टिकले ते धाकटे भावंड. पॉइंट बावीस स्वस्त, आवाजाला कमी, खांद्याला धक्का जवळजवळ नाही. बोअर युद्धानंतर इंग्लंडात गावोगाव लहान रायफलींचे क्लब निघाले. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या पोरांनी पहिला नेम याच काडतुसाने धरला. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटरच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, ते याच काडतुसावर.

अशी निरुपद्रवी वस्तू आमच्या सीमाभागात संग्राह्य का ठरली नाही? इंग्रजांचा 1878 चा शस्त्रकायदा निजामाच्या राज्यास थेट लागू नव्हता. तेथे दरबारची मर्जी हाच कायदा. पुढे 1948 साल उजाडले. रझाकारांचा धुमाकूळ चालू असता सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री-अपरात्री विमानांनी निजामास शस्त्रे पोहोचवीत होता (लंडनच्या न्यायालयाने त्यास पुढे अवघा दोनशे पौंड दंड केला!). 13 सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली आणि पाच दिवसांत राज्य संपले. अशा वर्षी ज्याच्या घरी बंदूक, त्याच्याकडे दोन्ही बाजूंचे लक्ष. त्या भयाने घराघरांतून बंदुकीचे नावच पुसले गेले, असा माझा तर्क आहे. आठ वर्षांनी, 1956 मध्ये, बीदर जिल्हाच दुभंगला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले, बाकीच्यातले बरेचसे म्हैसुरात राहिले.

संग्रह कोणीच केला नाही असे नव्हे. तिसरे सालारजंग, मीर यूसुफ अली खान, 1949 मध्ये वारले. 1951 मध्ये त्यांच्या संग्रहाचे म्युझियम हैदराबादेस उघडले, आणि त्यात शस्त्रास्त्रांचे दालन आहे. अमिराची बंदूक काचेच्या कपाटात गेली. देशमुखाची गेली ती पोलीस ठाण्याच्या मुद्देमालात. आमच्याच राज्यातील कोडगूचे लोक भाग्यवान म्हणावयाचे. त्यांना परवान्यातून पूर्वापार सूट आहे, आणि कैलपोढ सणाला त्यांच्या घरी बंदुकीस फुले वाहिली जातात.

इतरांना कायदा पाहणे भाग आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाने, जो 1962 मध्ये अमलात आला, एका माणसास तीन बंदुकांची मुभा दिली होती. डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीने ती दोनवर आली, आणि वारशाने येणाऱ्या बंदुकीसही हीच मर्यादा लागू झाली. मान्य रायफल क्लबच्या सभासदास सरावाच्या पॉइंट बावीसपुरती या संख्येतून सूट आहे. बंदूक जुनी आहे एवढ्यावरून ती कायद्याबाहेर जात नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. कलम 45 ची सूट दुरुस्तीनेही उडू न शकणाऱ्या जुन्या शस्त्रास आहे. 1910 ची पॉइंट बावीस रायफल तेल घातल्यावर आजही उडते, कारण तिचे काडतूस आजही मिळते. फेब्रुवारी 2020 च्या नियमांनी ‘क्युरिओ’ या वर्गातील लहान शस्त्रे परवान्यावाचून घरी ठेवण्यास मोकळीक दिली. ती वापरावयास किंवा हलवावयास मात्र परवाना हवाच. आपली बंदूक त्या वर्गात मोडते की नाही, हे मालकाने स्वतःच ठरवू नये; जिल्हाधिकारी कचेरीत लेखी विचारावे.

आणि बंदूक स्वाधीन करण्याची वेळ आलीच, तर त्यापूर्वी नळीवरील कारखान्याचे नाव, क्रमांक आणि परीक्षेचे शिक्के उतरवून घ्यावेत. निजामशाहीत दफ्तराची भाषा उर्दू होती. घरात त्या काळचा परवाना असेल, तर वाचता येत नाही म्हणून तो रद्दीत घालू नये. कोणास, कोणत्या गावी, कशासाठी बंदूक दिली, हे अशाच कागदात सापडते. उर्दू वाचणारे वृद्ध कारकून बीदरात अजून आहेत. त्यांच्याकडून या दसऱ्यापूर्वीच तो वाचून घ्यावा.