वाद्यांचा व्यापारमेळा : कीबोर्ड विक्रेत्याने काय पाहावे, काय विचारावे

वाद्यांचा व्यापारमेळा हा संगीत महोत्सव नव्हे. तेथे दिवसभर वाद्ये वाजत असली तरी त्या वादनामागे खरेदी-विक्रीचा व्यवहार चाललेला असतो. उत्पादक आपली नवी वाद्ये मांडतात, वितरक आपापल्या प्रदेशाचे हक्क मिळवू पाहतात आणि गावोगावचे विक्रेते पुढील वर्षभर आपल्या दुकानात कोणता माल ठेवायचा हे ठरवतात. कीबोर्ड विक्रेत्याच्या दृष्टीने या दोन-तीन दिवसांत घेतलेल्या निर्णयांत त्याचे वर्षाचे भांडवल गुंतते. निवड चुकली तर न विकलेल्या पेट्या दुकानातच पडून राहतात.

मेळ्यांची परंपरा

या क्षेत्रातील सर्वांत नामांकित मेळा अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळील अनाहाइम येथे साधारणपणे जानेवारी महिन्यात भरतो. ‘नॅम’ या नावाने तो ओळखला जातो. तो भरवणाऱ्या संघटनेची स्थापना 1901 साली झाली, आणि ती केली पियानो विक्रेत्यांनी. पुढे 1919 मध्ये इतर वाद्यांच्या व्यापाऱ्यांना सामावून घेणारे आजचे नाव तिने स्वीकारले. हा मेळा व्यवसायातील मंडळींसाठी असतो. सर्वसामान्य रसिकांना तिकीट काढून त्यात शिरता येत नाही.

जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे 1980 पासून भरणारा ‘म्युझिकमेसे’ हा युरोपातील प्रमुख मेळा होता. काही मोठ्या कंपन्यांनी त्याकडे पाठ फिरवली, त्यात साथीच्या काळाची भर पडली, आणि 2019 नंतर तो पूर्वीच्या स्वरूपात भरलाच नाही. आज आशियातील खरेदीदारांची मोठी वर्दळ शांघायच्या ‘म्युझिक चायना’ मेळ्यात असते. आपल्याकडे मुंबईत गोरेगाव येथे भरणारे ‘पाम’ प्रदर्शन ध्वनियंत्रणा, प्रकाशयोजना आणि वाद्ये या तिन्हींसाठी आहे. गोव्यातील किंवा बेळगावातील विक्रेत्याला ते सर्वांत जवळचे.

एका केबलने बदललेला व्यापार

कीबोर्डच्या इतिहासात जानेवारी 1983 च्या नॅम मेळ्याला विशेष स्थान आहे. सिक्वेन्शियल सर्किट्सचा ‘प्रॉफेट-600’ आणि रोलंडचा ‘ज्युपिटर-6’ ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये तेथे एका केबलने जोडण्यात आली. एकावर वाजवलेले सूर दुसऱ्यातून उमटले. हीच ‘मिडी’ पद्धत. तिचे तांत्रिक नियम त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाले. या कामासाठी डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना 2013 मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

विक्रेत्यासाठी या घटनेचा अर्थ फार मोठा होता. निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी जोडणारी सामाईक भाषा तोवर नव्हती. मिडीमुळे एका कंपनीचा कीबोर्ड असलेल्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीचे ध्वनियंत्र किंवा संगणकही विकता येऊ लागला. मिडीची दुसरी आवृत्ती जानेवारी 2020 मध्ये स्वीकारली गेली. पहिल्या आवृत्तीत पट्टीवरील आघाताचा जोर 128 पायऱ्यांत मोजला जातो, तर दुसरीत त्याच मोजणीला 65,536 पायऱ्या उपलब्ध आहेत. मात्र दालनातील कोणते वाद्य नवी आवृत्ती खरोखर वापरते, हे तेथेच स्पष्ट विचारून घ्यावे.

दालनात काय तपासावे

मेळ्याच्या सभागृहात शेजारच्या दालनातील ड्रम आणि गिटार यांचा कल्लोळ असतो. त्यामुळे कीबोर्डच्या स्पीकरचा दर्जा तेथे कळत नाही. आवाज हेडफोनवरच ऐकावा आणि स्पीकरची परीक्षा नमुना मागवून दुकानातल्या शांततेत करावी. शिवाय कंपनीचा वादक निष्णात असतो. त्याच्या हातात साधे वाद्यही खुलते. नवशिक्या विद्यार्थ्याला ते कसे वाटेल, हे विक्रेत्याने स्वतः चार साधे अलंकार वाजवून पाहिल्याशिवाय समजत नाही.

पट्ट्यांचे गणित ग्राहकानुसार बदलते. पियानोच्या परीक्षा देणाऱ्याला 88 वजनदार पट्ट्या आणि हातोडीसारखा प्रतिसाद हवा असतो. लग्नसमारंभात वाजवणाऱ्याला दुचाकीवरून नेता येईल असे 61 पट्ट्यांचे हलके वाद्य सोयीचे. तियात्राच्या वादकाला आवाज झटपट बदलता येणे महत्त्वाचे, तर चर्चमधील गायकवृंदाला भरदार ऑर्गनचा ध्वनी. एकाच वेळी किती सूर उमटू शकतात हेही पाहावे. ही क्षमता अपुरी असेल तर पेडल दाबून वाजवताना आधीचे सूर मध्येच तुटतात.

आपल्या सुरांची कसोटी

परदेशी दालनात सहसा न विचारले जाणारे काही प्रश्न आपल्या विक्रेत्याने आवर्जून विचारावेत. भजनी मंडळातला गायक काळी एक किंवा पांढरी चार असे सांगून गातो. तेव्हा पट्टी बदलण्याची कळ हाताशी आहे की पडद्यावरील यादीत दडलेली आहे, याने फरक पडतो. मींड दाखवण्यासाठी सूर वाकवणारे चाक किती नियंत्रित आहे, प्रत्येक सुराची उंची स्वतंत्रपणे किंचित कमी-जास्त करता येते का, तानपुऱ्याचा ध्वनी आहे का, केरवा-दादरा यांसारखे ठेके आहेत का, हेही तपासण्याजोगे. यामाहा आणि कॅसिओ या कंपन्यांनी भारतीय ध्वनी व ठेके असलेली खास भारतासाठीची मॉडेल्स बाजारात आणली आहेत.

सुरांच्या उंचीचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. मींड आणि श्रुती यांना न्याय देता येत नाही या आक्षेपावरून आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती 1971 पर्यंत टिकली. पट्ट्यांच्या वाद्याविषयीची ती शंका जाणकार ग्राहकाच्या मनात आजही असते. तिला प्रत्यक्ष वाजवून उत्तर देता येईल असे एखादे मॉडेल दुकानात असणे इष्ट.

मागणी नोंदवण्यापूर्वी

मेळ्यातील सवलत बहुधा तेथेच मागणी नोंदवणाऱ्याला मिळते. अशा वेळी किमतीखेरीज पुढील बाबी लेखी घ्याव्यात : किमान किती नग घ्यावे लागतील, पैसे किती दिवसांत द्यायचे, हमीच्या काळात दुरुस्तीचा खर्च कोणाचा, आणि पट्ट्यांखालील रबरी संपर्कपट्ट्या, अडॅप्टर, कळा यांसारखे सुटे भाग किती वर्षे मिळतील. कोकणपट्टीच्या दमट हवेत या भागांचा प्रश्न लवकर उभा राहतो. त्याच मॉडेलची पुढची आवृत्ती कधी येणार, हेही विचारावे. नवे मॉडेल जाहीर होताच जुन्याची किंमत घसरते आणि तो तोटा दुकानदाराच्या माथी येतो. ग्राहक दुकानात वाद्य वाजवून पाहतो आणि ऑनलाइन विकत घेतो, हे आता नित्याचे झाले आहे. तेव्हा किमान विक्री किंमत सर्वांना सारखीच लागू आहे का, हा प्रश्न टाळू नये.

थेट आयात करायची असल्यास नियम आधी पाहावेत. जकातीच्या वर्गीकरणात साधा पियानो 9201 या शीर्षकाखाली येतो, तर विद्युत कीबोर्ड 9207 खाली. ब्लूटूथ असलेल्या वाद्याला भारतात बिनतारी उपकरणांसाठीची मंजुरी लागते आणि सोबतच्या अडॅप्टरला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागू होऊ शकते. ही कागदपत्रे नसतील तर माल बंदरात अडकतो. लहान विक्रेत्याने अधिकृत वितरकामार्फत घेणे म्हणूनच बहुधा श्रेयस्कर.

मालाचा आणि मोसमाचा मेळ

जानेवारीत जाहीर झालेले वाद्य दुकानापर्यंत यायला अनेक महिने लागू शकतात. आपल्याकडे मागणी वाढते ती जूनमध्ये शाळा आणि संगीतवर्ग सुरू होताना, मग चतुर्थीच्या आरत्या-भजनांच्या दिवसांत, आणि पुन्हा नाताळ व लग्नसराईच्या तोंडावर. मालाची तारीख या तीन टप्प्यांशी जुळत नसेल तर उत्तम वाद्यही वेळेवर विकले जात नाही. चतुर्थीसाठी मागवलेला माल विसर्जनानंतर आला, तर त्यात अडकलेली रक्कम नाताळच्या खरेदीला कमी पडते.

यासाठी जाणते विक्रेते मेळ्याला निघण्यापूर्वीच एक वही तयार करतात. गेल्या वर्षी ग्राहकांनी काय मागितले आणि ते दुकानात नव्हते, कोणती वाद्ये दुरुस्तीला परत आली, कोणता नग अजून पेटीतच आहे, याची त्यात नोंद असते. दिव्यांच्या झगमगाटात एखाद्या नव्या वाद्याचा मोह झाला, तर ते घेणारा गिऱ्हाईक या वहीत सापडतो का, हे आधी पाहावे. सापडत नसेल, तर पहिल्या खेपेला एकच नग मागवून थांबणे बरे.