हजार ओळींमागे चुका

नव्या मुंबईत महापे-ऐरोलीकडच्या कचेऱ्यांत संगणकाचा प्रोग्राम जोखण्याचे एक जुने माप चालते : हजार ओळींमागे दोष किती? वह्या तपासणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला ते पटते. मात्र पाल्हाळ लावणारा त्यात उगाच हुशार ठरतो! आणि दोष म्हणायचे कशाला? एके काळी पंचकार्डावर ८० अक्षरांचीच जागा. म्हणून सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. ती काटकसर, दोषांच्या वहीत तिची नोंद कोण करणार? पुढे २००० साल जवळ आले, तशी तीच ओळ, कानामात्राही न बदलता, गुन्हेगार ठरली. शून्य-शून्य म्हणजे यंत्राच्या लेखी १९००! परदेशांतल्या अशा ओळी हुडकण्याचे काम मुंबईकडेही आले. १९६८ साली येथेच निघालेल्या टाटा कन्सल्टन्सीच्या माणसांनी परक्यांचे ते लिखाण तपासून दुरुस्त केले. मूळ लिहिणारे बरेचसे तोवर निवृत्त झाले होते.