कॉफीच्या हातयंत्राची कुळकथा

बेंगळुरूच्या मल्लेश्वरमात किंवा गांधी बझारात कॉफी पुडीचं दुकान वासावरून सापडतं. प्लांटेशन 'ए' आणि पीबेरी या प्रतींच्या बिया किती, चिकोरीच्या मुळाची पूड किती, हे गिऱ्हाईक सांगतं आणि विजेच्या चक्कीतून गरम पुडी बाहेर पडते. या चक्कीचं थोरलं भावंड म्हणजे घरातलं, हाताने फिरवायचं कॉफीचं यंत्र.

त्याचं कूळ जात्याचं. एक भाग स्थिर, दुसरा फिरता, मधे नेमकी फट. कॉफी आधी उखळात कुटत. पुढे मसाला दळायच्या यंत्रांवरून तुर्कस्तानातलं पितळी, नळकांड्यासारखं यंत्र आलं आणि दगडाची जागा दातेरी धातूने घेतली. फ्रान्सच्या प्यूजो घराण्याने मोटारी बनवण्याच्या कितीतरी आधी, 1840मध्ये, कॉफीची यंत्रं काढली. 1856 साली सुरू झालेल्या लंडनच्या स्पाँग कंपनीचं ओतीव लोखंडी यंत्र टेबलाच्या कडेला आवळून बसवायचं. ते दक्षिण भारतातल्या घरांतही रुळलं.

इथे कॉफी त्याआधीच रुजली होती. ज्या 17व्या शतकात बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, त्याच शतकात सूफी संत बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणून चिक्कमगळूरच्या डोंगरात लावल्या, असं परंपरा सांगते. आज देशातली सुमारे 70 टक्के कॉफी कर्नाटकात पिकते आणि कॉफी बोर्डाचं मुख्यालय बेंगळुरूतच आहे.

कोपऱ्याकोपऱ्यावर विजेची चक्की आली तसं हातयंत्र माळ्यावर गेलं. शिवाय मळेवाल्यांना आपली कॉफी कॉफी बोर्डाकडे द्यावी लागे आणि तिथे मळ्यामळ्यांचा माल एकत्र होई, म्हणून एखाद्या मळ्याची वेगळी चव घरी दळून मिळवायचा प्रश्नच नव्हता. 1996पर्यंत हे बंधन टप्प्याटप्प्याने उठलं. मळ्याच्या नावानिशी भाजलेल्या बिया शहरात मिळू लागल्या, आणि त्या मळ्याची चव कपात उतरावी म्हणून लोक पुन्हा घरी दळू लागले.

कारण सरळ आहे. दळल्यावर कॉफीला हवा लागणारा पृष्ठभाग कितीतरी वाढतो आणि सुगंध झपाट्याने उडतो. मिक्सरचं पातं बी तोडतं. त्यात भुकटीही येते आणि कण्याही. भुकटी कडवटपणा आणते, कण्यांतून पाणी चव न घेताच निघून जातं. हातयंत्रात आतल्या दातेरी शंकूच्या वरच्या मोठ्या दात्यांत बी फुटते, खालच्या अरुंद फटीत एकसारखी दळली जाते.

म्हणून यंत्र घेताना दांडी हलवून पाहा. मधला दांडा डुगडुगला तर फट बदलते आणि दळण बिघडतं. तो वर-खाली दोन्हीकडे बेअरिंगवर पेललेला असावा. पोलादी दाते टिकाऊ. सिरॅमिक गंजत नाही, पण बियांत खडा आला तर त्याचा टवका उडतो. आपल्या पितळी फिल्टरसाठी दळण बारीक रव्यासारखं हवं. त्याहून बारीक झालं तर डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून गळणारा कॉफीचा अर्क, थेंबथेंब अडतं, जाड झालं तर पाणचट उतरतं. चिकोरी नंतर मिसळावी. लोखंडी यंत्र पाण्याने धुऊ नये, ब्रशने झाडावं.

घरात जुनं यंत्र असेल तर भंगारात देऊ नका. गंज काढा, दाते तपासा. ते शाबूत असतील तर त्यात ताजी बी घाला आणि लागेल तेवढीच दळा.