कूलिंग टॉवरचे तुषार आणि लिजिओनेअर्स आजार

तुमच्या कारखान्यात कूलिंग टॉवर आहे का? मग हा इतिहास वाचाच. १९७६ साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले आणि अनेकांना जीवघेणा न्यूमोनिया झाला. त्यामागचा लिजिओनेला जीवाणू पुढच्या वर्षी जगासमोर आला. २००३-०४ मध्ये उत्तर फ्रान्समधील एका पेट्रोकेमिकल कारखान्याच्या कूलिंग टॉवरमधून तो हवेत पसरला. ८६ जण आजारी पडले, १८ दगावले. जास्त दाबाच्या पाण्याने टॉवर धुताना उडालेल्या तुषारांनी साथ आणखी वाढली. हा जीवाणू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि तुषारांबरोबर श्वासावाटे फुप्फुसात शिरतो. अशा ठिकाणी काम करताना ताप, खोकला, धाप सुरू झाली, तर डॉक्टरांना आपले काम आवर्जून सांगा. पेनिसिलिनसारखी औषधे यावर चालत नाहीत, वेगळी द्यावी लागतात.