वटवाघळांच्या रक्तातील प्रतिपिंडे काय सांगतात?

वटवाघळांच्या रक्तात निपाह विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळल्याचे वृत्त आले की, त्या परिसरात साथ सुरू झाल्याचा समज पसरतो. प्रत्यक्षात ही चाचणी प्रामुख्याने पूर्वीच्या संसर्गाविषयी सांगते. विषाणूशी लढताना शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे विषाणू नाहीसा झाल्यानंतरही रक्तात टिकून राहतात.

नमुन्यांसाठी संशोधक गुहांच्या तोंडाशी किंवा वसतीच्या झाडांजवळ बारीक जाळी लावून वटवाघळे पकडतात. संरक्षक पोशाख घालून पंखातील शिरेतून थोडे रक्त घेतले जाते आणि त्यातील सीरमची ‘एलायझा’ चाचणी केली जाते. सध्याचा संसर्ग तपासण्यासाठी घसा व गुदद्वारातील स्रावांची आरटी-पीसीआर चाचणी करावी लागते.

एलायझाचा निष्कर्ष अंतिम मानला जात नाही. एकमेकांच्या जवळच्या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडेही चाचणीत सारखाच प्रतिसाद देऊ शकतात. पिल्लांमध्ये आईकडून आलेली प्रतिपिंडे असू शकतात. त्यामुळे ही प्रतिपिंडे जिवंत विषाणूला निष्प्रभ करतात का, हेही पडताळले जाते. निपाहच्या बाबतीत त्यासाठी जैवसुरक्षा स्तर-4 ची प्रयोगशाळा लागते. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे अशी सुविधा आहे.

याच संस्थेच्या संशोधकांनी मार्च 2020 मध्ये महाबळेश्वर येथील गुहेतून वटवाघळांचे नमुने घेतले. ‘रुसेटस लेशनॉल्टी’ या प्रजातीच्या 33 आणि ‘पिपिस्ट्रेलस पिपिस्ट्रेलस’ या प्रजातीच्या एका वटवाघळात प्रतिपिंडे आढळली. दोन्ही प्रजातींच्या प्रत्येकी एका वटवाघळात विषाणूचे आरएनएही मिळाले. हे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा महाराष्ट्रात माणसाला निपाहची लागण झाल्याची नोंद नव्हती.

मात्र धोका काल्पनिक नाही. पश्चिम बंगालमधील सिलिगुडी येथे 2001 मध्ये, तर केरळमधील कोझिकोड परिसरात 2018 मध्ये निपाहने अनेकांचा बळी घेतला. विषाणूचा वावर कुठे आहे हे आधी समजल्यास तेथील रुग्णालयांना संशयित रुग्ण वेळीच ओळखता येतात.

या निष्कर्षांचा आधार घेऊन वटवाघळांची वसतिस्थाने नष्ट करणे उलट धोक्याचे ठरू शकते, कारण विस्कळीत झालेले थवे नव्या ठिकाणी पसरतात. परागीभवन, बीजप्रसार आणि कीटकनियंत्रण करणाऱ्या या प्राण्यांपासून अंतर राखणे, त्यांनी उष्टावलेली फळे न खाणे आणि ताडी-नीरेची भांडी झाकून ठेवणे हे अधिक परिणामकारक उपाय आहेत.